साडेआठच्या वर

हिशोब जमला असता तर मुनीमला अर्धी शेड मिळणार होती.

अर्धी म्हणजे मागची अर्धी. तिथे बाटल्या भरायचं यंत्र होतं, धुण्याचा हौद होता आणि मागच्या दाराबाहेर ट्रक वळेल एवढं मोकळं अंगण होतं. पुढच्या भागात सफरचंदं दाबायचा चरक आणि तीन टाक्या. ते दादाचं राज्य. हे वर्ष नफ्यात गेलं तर मागचा भाग तुझ्या नावावर करून देतो, असं दादाने जेवताना, तोंडात घास असताना कबूल केलं होतं. घास तोंडात असताना दिलेला शब्द कितपत धरायचा, हा प्रश्नच होता. पण ते ऐकून वहिनीचा वाढता हात जागच्या जागी थांबला, त्यावरून मुनीमने ताडलं की शब्द खरा आहे.

अर्धी शेड मिळाली की दुसरंही एक मिळणार होतं. कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर बसून लोकांच्या कोटांना नंबरच्या चिठ्ठ्या टाचायची नोकरी सुटणार होती. दुसऱ्याच्या कोटांना टाचण्या मारण्यात तिची बारा वर्षं गेली होती, आणि एकही कोट तिच्या मापाचा नव्हता.

मुनीम हे काही तिचं नाव नव्हे. लहानपणी खाऊ वाटताना दादाच्या वाटणीत एक जास्त गेला की ती घर डोक्यावर घ्यायची, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं हे नाव. ते चिकटलं ते चिकटलंच. चाळिशी गाठेपर्यंत एकदा लग्नाचंही पाहून झालं. तिथला हिशोब तिनेच मोडीत काढला.

वडील गेल्यावर बहीणभावांनी धंद्याची वाटणी सरळ केली होती. टाकीच्या आत काय चाललंय ते दादाने बघायचं, बाटलीवर किंमत काय छापायची ते मुनीमने. तो किमतीत नाक खुपसायचा नाही, ती टाकीला हात लावायची नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, म्हणूनच ही वाटणी कडक होती.

दादाची सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आणि तो आंबायला लागणारा वेळ. तिसरं काही नाही. हे तो लेबलवरही छापायचा: ‘पाण्याचा थेंब नाही.’ सफरचंदाच्या चित्रापेक्षा ही अक्षरं मोठी होती. चित्र लहान का, असं मुनीमने एकदा विचारलं, तर म्हणाला, "सफरचंद कुणीही काढतं."

त्या वर्षी मुनीमने मोठा मासा गळाला लावला होता. शहरभर दुकानं असलेल्या एका साखळीचा खरेदीदार. त्याला घरात सगळे ‘टाय’ म्हणायचे, कारण तो शेडमध्येही टाय लावून आला होता आणि चरकाजवळ उभं राहताना तो एका हाताने धरून ठेवत होता.

"सगळा माल घेतो. शेल्फवर नव्याण्णव," टाय म्हणाला.

"एकशे पंधराची वस्तू आहे ही."

"असेल हो ताई. पण शंभराला लोक विचार करतात. नव्याण्णवला करत नाहीत."

"एका आकड्याने लोकांची अक्कल जाते?"

"जाते ना. आमचं दुकान त्यावरच चालतं."

नव्याण्णवातले अडतीस टायच्या दुकानाचे. राहिले एकसष्ट. बाटली, बूच, लेबल आणि खोका मिळून एकवीस. सफरचंदं आणि तोडणीची मजुरी एकोणीस. वीज आणि गाडीभाडं सहा. राहिले पंधरा. त्यातून सरकारचं दारूवरचं शुल्क चार. हातात अकरा. आठ हजार बाटल्यांचे अठ्ठ्याऐंशी हजार. मुनीमने हा हिशोब तीनदा उलटा आणि तीनदा सुलटा केला आणि टायशी हात मिळवला. शुल्काचे बत्तीस हजार तिने त्याच दिवशी पाकिटात घालून वेगळे ठेवले. सरकारचे पैसे आधी काढून ठेवावेत, म्हणजे ते आपले वाटत नाहीत, असं तिचं मत होतं.

आणि मग सफरचंदांनी घात केला. उन्हाळा लांबला, फळं गोड झाली, इतकी की तोडणारे मजूर टोपलीत कमी आणि तोंडात जास्त टाकत होते. जितकी साखर जास्त तितकी आंबल्यावर दारू कडक. टाक्या शांत झाल्या, दादाने यंत्रावर मोजलं आणि आनंदाने ओरडला, "आठ पूर्णांक सात! मुनीम, वडिलांच्या हातूनसुद्धा अशी निघाली नव्हती."

मुनीम मटकन खोक्यावर बसली.

कारण साडेआठ टक्क्यांपर्यंत ती सायडर. त्याच्या वर केसभर जरी गेली तरी सरकारच्या लेखी ती वाइन, आणि वाइनचं शुल्क बाटलीमागे चार नाही, सतरा. पंधरातून सतरा वजा करायला मुनीमची गरज नव्हती. कुणीही केले असते.

"बाटलीमागे दोन आपल्या घरातून जाणार," ती म्हणाली. "चांगली निघाली म्हणून दंड. वा."

"मग किंमत वाढव."

"टायला वचन दिलंय. आणि किमतीत तू बोलू नकोस. तू एवढंच कर, थोडी खाली आण."

"खाली आण म्हणजे?"

"म्हणजे तुला कळतंय."

दादाला कळलं होतं. त्याने हातातला पेला खाली ठेवला. "दूधवाल्याने पाणी घातलं तर त्याला पकडतात. मी पाणी घालत नाही म्हणून मला पकडायचं? कारखानेवाले एक वाटी रसात दोन वाट्या साखरपाणी ओततात, त्यांना चार. आणि मला सतरा?"

"हो. असंच आहे. तू निवडणुकीला उभा राहा आणि बदल. तोपर्यंत ते निळे ड्रम आहेत ना—"

निळ्या ड्रममध्ये चोथ्याचं पाणी होतं. रस काढून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि पुन्हा दाबायचं. जे पातळ, फिकट निघतं ते आंबवून तोडणीच्या मजुरांना दुपारी प्यायला द्यायचं; वडिलांपासूनची पद्धत. दोन ड्रम भरलेले होते, चारशे लिटर, आणि त्याची ताकद जेमतेम दोन टक्के.

"ते आपल्याच सफरचंदाचं आहे," मुनीम म्हणाली. "नळाचं घाल असं मी म्हणत नाही."

"चोथ्याला आंघोळ घातली म्हणून पाण्याचा रस होत नाही, मुनीम."

"मग भर सतरा. कुठून भरणार? नफा तर गेलाच, वर सोळा हजार तोटा. आणि शुल्क आधी भरावं लागतं, टायचे पैसे येणार तीन महिन्यांनी. एक लाख छत्तीस हजार रोख आहेत तुझ्या उशीखाली?"

"ते मी बघतो."

"तू टाकीत बघ. पैशाचं बघायला मी आहे."

यावर दोघं बोलायचे बंद झाले. बोलायचे ते वहिनीमार्फत. "मुनीमला सांग, बुचं आलीत." "वहिनी, दादाला सांगा, दिसली मला." दोघं एकाच टेबलाशी बसून हे करत. वहिनी एकदा म्हणाली, "मला तिकीट तरी लावा. पोस्टालाही कुणी इतकं फुकट राबवत नाही."

त्या आठवड्यात दादाची दाढ दुखायला लागली. सकाळी उठला तो गाल धरूनच. दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणाला. जाण्याआधी तो शेडमध्ये एक चक्कर मारून आला आणि निघताना त्याच्या कोटाचा एक खिसा फुगलेला होता. मुनीमने तो पाहिला. कोटांवर तिची नजर बसलेली होती. गाल बांधायला मफलर घेतला असेल, असं तिने धरलं. कारण त्या क्षणी तिचं डोकं दुसऱ्याच जमाखर्चात होतं: दाढ म्हणजे दीड-दोन तास नक्की.

तिने दुकानात ताप आल्याचं कळवलं, शेडची किल्ली घेतली, छोटा पंप ड्रमला जोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या टाकीचं झाकण उघडलं. वास असा आला की तिचा हात थबकला. वडिलांच्या हातूनसुद्धा निघाली नव्हती, हे खोटं नव्हतं. मग तिने मनात सतरातून चार वजा केले आणि बटण दाबलं.

तिन्ही टाक्यांत थोडा थोडा वाटत पहिला ड्रम रिकामा होत आला तेव्हा दारात वहिनी उभी.

"वन्सं, तुम्ही आणि टाकीपाशी?"

"पंप तपासतेय."

वहिनीने निळ्या ड्रमकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, नळी कुठे गेली आहे तेही पाहिलं. "तपासा हो," ती म्हणाली. "मी काही बघितलेलं नाही. मला या घरात बघायचा पगार मिळत नाही." दोन पावलं गेल्यावर ती वळली. "तुमचे दादा इतका वेळ दाढ काढतायत की अख्खा जबडा?"

दादा आला तो दुपारी, गाल तसाच धरून. दोन दिवस त्याने पातळ भाताशिवाय काही खाल्लं नाही. त्याच्याकडे बघून मुनीमला वाईट वाटत होतं. आपण याच्या पाठीमागे हे केलं आणि हा बिचारा दाढेने बेजार. पण ती स्वतःला समजावत होती की केलं ते याच्याचसाठी. अर्धं याच्यासाठी, अर्धं स्वतःसाठी, शेडसारखंच.

कळायची भीती नव्हती. बाटल्या भरायला सुरुवात होईपर्यंत दादा टाक्यांकडे फिरकायचा नाही. नुसत्या वासाने हात शिवशिवतात, झाकण उघडलं जातं, हवा लागते, म्हणायचा. मुनीमने गुपचूप नमुना काढून मोजला. आठ पूर्णांक तीन. शुल्काचे कोरे फॉर्म दादाच्या सह्या घेऊन ती वर्षाच्या सुरुवातीलाच ठेवून द्यायची. त्यातला एक भरला, बत्तीस हजारांचं पाकीट पर्समध्ये घातलं आणि तिसऱ्या दिवशी अबकारी कचेरी गाठली.

खिडकीमागचा कारकून तिला ओळखत होता. त्याला सगळे छोटे दारूवाले ‘शिक्का’ म्हणत. आज तो चक्क हसला, आणि त्याला दातही आहेत हे तिला प्रथमच कळलं.

"या, या! तुमचे बंधू म्हणजे देवमाणूस हो."

"का? काय केलं त्याने?"

"काय केलं म्हणजे? आपण होऊन आले, नमुन्याची बाटली खिशातून काढली आणि म्हणाले, आठ पूर्णांक सात आहे, वाइनच्या दराने घ्या. इतकी वर्षं इथे बसतोय, साडेआठच्या वरचा माल आपल्या पायाने चालत आलेला पाहिला नव्हता. मी साहेबांना बाहेर बोलावून दाखवले. चहा पाजला त्यांना. फॉर्म भरता येत नव्हता, मीच भरून दिला."

"परवा?" तिने विचारलं. "सकाळी?"

"परवाच. सहा हजार लिटर, एक लाख छत्तीस हजार, रोख. पावती दिली नाही का त्यांनी तुम्हाला?"

मुनीमने पर्समध्ये घातलेला हात तसाच राहिला. आत पाकीट होतं, फॉर्म होता. तिने दोन्ही चाचपले.

"समजा," ती म्हणाली, "आकडा चुकला असेल तर? समजा, कमी असेल?"

"चुकेल कसा? नमुना आहे ना सीलबंद. आमच्या यंत्रावरही तेवढाच भरला."

"आणि समजा, टाकीत आता कमी भरला?"

शिक्क्याचे दात पुन्हा दिसेनासे झाले. "मग टाकीत कुणीतरी पाणी घातलं, असं होईल. शुल्क भरल्यावर माल पातळ केला तर परवाना जातो, ताई. पैसे परत मिळायचं तर सोडाच." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तसं काही आहे का?"

"छे," मुनीम म्हणाली. "लेबलवरच लिहिलंय की आमच्या. पाण्याचा थेंब नाही."

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: एवढे रोख आणले कुठून? उत्तर शेडच्या मागच्या अंगणात उभं होतं. शेजारचा गॅरेजवाला मोजपट्टीचं एक टोक धरून भिंतीपाशी वाकला होता, आणि दुसरं टोक दादाने धरलं होतं. हा गॅरेजवाला वर्षानुवर्षं त्या अंगणावर डोळा ठेवून होता. दर सणावाराला विचारावं तसा तो दर महिन्याला विचारायचा, आणि दादा दर महिन्याला हसून नाही म्हणायचा.

"ये, ये," दादा म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलत होता. चेहरा असा की सातवीतलं बक्षीस घेऊन घरी आला आहे. "वहिनीमार्फत सांगणार होतो, पण म्हटलं, हे आपणच सांगावं. शुल्क भरून टाकलं. वाइनचं. तुझा नव्याण्णव हलणार नाही आणि माझा आठ पूर्णांक सातही हलणार नाही. दोघांचं राहिलं."

"आणि हे?" तिने मोजपट्टीकडे बोट केलं.

"मागचा भाग द्यावा लागला, अंगणासकट." तो जरा अवघडला. "तुला कबूल केलेला होता, माहीत आहे मला. पण पुढचा भाग विकला तर टाक्या कुठे ठेवायच्या? तुझा वाटा मी पुढच्या भागातून देईन. दोन-तीन वर्षांत. शब्द आहे." या वेळी तोंडात घास नव्हता.

मुनीम गॅरेजवाल्याकडे वळली. "कागद झाले?"

"विसार नाही, ताई, पूर्ण रक्कम दिली. कागद सोमवारी."

"परत घ्या. हे बत्तीस हजार आत्ता घ्या, बाकीचे टायचे पैसे आले की—"

"बत्तीस?" गॅरेजवाला हसला. "त्यात दारही येत नाही हो. गाड्या उचलायचं यंत्र सांगून आलोय मी." मग जरा विरघळून म्हणाला, "तुमच्या बाटल्या भरून होईपर्यंत तुमचं यंत्र राहू दे. भाड्याचं नंतर बघू."

दादाने पट्टी सोडली, ती सळसळत गॅरेजवाल्याच्या हातात गेली. "चला, व्यवहार झाला, तोंड तरी ओलं करू. मुनीम, आजच्या दिवस नियम मोडतो. तू पण ये."

तो टाकीपाशी गेला. पेला नळाखाली धरला आणि नजर सहज बाजूच्या काचेच्या नळीवर गेली. टाकीत माल किती आहे ते या नळीत दिसायचं. दादाने खडूने केलेली खूण खाली होती आणि सायडर तिच्या चार बोटं वर.

"टाकी व्यायली की काय गं?" तो म्हणाला.

त्याने दुसरी टाकी पाहिली, तिसरी पाहिली. मग पेल्यातला घोट घेतला, तोंडात धरला, बराच वेळ धरला, आणि मोरीत थुंकला.

"कधी?"

"तू दाढ काढायला गेलास त्या दिवशी."

दादाचा हात आपोआप गालाकडे गेला. त्याच गालाकडे.

"दाढ काढली नव्हती," तो म्हणाला.

"माहीत आहे. कचेरीतूनच येतेय."

गॅरेजवाल्याला यातलं काही कळलं नाही. त्याने स्वतःच एक पेला भरून घेतला, रिकामा केला आणि मिशा पुसल्या. "चांगली आहे की! मागच्या वर्षीची फार चढायची. ही हलकी आहे, पोटाला बरी."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मुनीमला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो खोक्यावर बसला आणि नुसता हिशोब विचारायला लागला. किमतीचा हिशोब त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"म्हणजे आता ही आठ पूर्णांक तीन."

"हो."

"म्हणजे चार लागले असते."

"हो."

"आणि आपण सतरा भरले."

"हो, दादा."

"आणि सांगायला गेलो तर परवाना."

दारात वहिनी येऊन उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मला दोघांपैकी एकाने जरी विचारलं असतं."

"तुम्ही तर पाहिलं होतंत पंप चालू असताना," मुनीम म्हणाली.

"पाहिलं होतं. हे कुठे गेलेत ते मात्र मला दाढ म्हणूनच सांगितलं होतं. अर्धं अर्धंच सांगता तुम्ही भावंडं. सगळं अर्धं."

कागदावर सहा हजार लिटर होते आणि टाक्यांत सहा हजार चारशे. जास्तीचे चारशे ठेवणं म्हणजे शिक्क्याला बोलावून दाखवणं. ते दादाने स्वतः नळ उघडून मोरीत सोडले. चोथ्याचं पाणी वेगळं काढता येत नाही. गेली ती वडिलांच्याही हातून न निघालेली सायडरच. वास दोन दिवस शेडमध्ये राहिला.

लेबलं आधीच छापून आली होती. ‘आठ पूर्णांक सात टक्के’ आणि ‘पाण्याचा थेंब नाही’. दुसऱ्या ओळीवर काळी पट्टी चिकटवू, असं मुनीम म्हणाली. दादा म्हणाला, पट्टीला बाटलीमागे किती पडतील? तिने सांगितलं. तो म्हणाला, राहू दे. आठ हजार बाटल्यांवर त्याने ते लेबल स्वतःच्या हाताने चिकटवलं, एकदाही न वाचता.

माल खपला. टायने फोन करून सांगितलं की गिऱ्हाइकांना या वर्षीची जास्त आवडली, पुढच्या वर्षी अशीच हलकी पाठवा, आणि जमलं तर एकोणनव्वदला.

वर्षाचा मेळ मुनीमने नोकरीवरच, दोन कोटांच्या मधल्या वेळेत, एका नंबरच्या चिठ्ठीच्या पाठीवर घातला. टायच्या दुकानाला बाटलीमागे अडतीस. सरकारला सतरा, त्यातले तेरा फुकटचे. गॅरेजवाल्याला अंगण, आणि वर भाड्याचे साडेतीन हजार, जे त्याने मागून घेतले. घराला सोळा हजार तोटा, शिवाय ते साडेतीन. वहिनीच्या नावावर खर्च काही नव्हता. तिच्या नावावर कधी जमाही नव्हतं. राहिली मागची अर्धी शेड. दादाने ती मुनीमची किंमत राखायला दिली होती आणि मुनीमने दादाची टाकी बिघडवून ती मिळवायला बघितली होती. दोघांच्या नावापुढे तिने तीच एक रक्कम लिहिली. बेरीज करताना ती दोनदा धरायची की एकदा, हे ठरवेपर्यंत कुणीतरी काउंटरवर कोट ठेवला, आणि तिने ती चिठ्ठी उलटी करून त्याच्या कॉलरला टाचली.